तिसरं वळण : सिंहगडाच्या चढावरचं एक प्रकरण

ज्या बाईंची ही हकीकत आहे, त्या दीड वर्षापासून आमच्या रविवारच्या सायकल गटात येतात. वय ४८. माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. गटात सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. नाव छापायचं नाही एवढ्या अटीवर त्यांनी हे लिहायला होकार दिला आणि स्वतःची वहीही वाचायला दिली. नवीन येणाऱ्यांना सोबत करायचं काम गटात माझ्याकडे असतं. सिंहगडाच्या चारही प्रयत्नांत मी त्यांच्याबरोबर होतो. त्यातले तीन फसले, आणि पहिले दोन फसण्यात माझा मोठा हात होता.

पुण्यात सायकल चालवणाऱ्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न येतोच : सिंहगड केला का? स्वारगेटहून निघालं की वडगाव, नांदेड फाटा, खडकवासला, डोणजे असं करत गोळेवाडीच्या नाक्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटर होतात. तिथवर रस्ता बहुतेक सपाटच. नाक्यापासून घाट सुरू होतो. वरच्या वाहनतळापर्यंत नऊ किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि तेवढ्यात साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटर उंची चढायची. सरासरी काढली तर चढ साडेसहा टक्क्यांच्या घरात येतो, पण सरासरी हा आकडा मांड्यांना कळत नाही. मधे थोडा दम खाऊ देणारे तुकडे आहेत, आणि काही वळणांवर चढ दहा टक्क्यांच्या वर जातो. नाक्यापासून मोजलं तर आमच्या हिशेबाने तिसरं वळण हे असंच एक. ताई तिन्ही वेळा त्याच वळणावर सायकलवरून उतरल्या.

पहिला प्रयत्न नोव्हेंबरच्या एका रविवारी. ताई तेव्हा दर आठवड्याला खडकवासल्यापर्यंत जाऊन परत येत होत्या, सपाटीवर ४० किलोमीटर त्यांना जड जात नव्हते. मीच म्हणालो, चला, आता गड. पहाटे साडेपाचला निघालो, सातच्या सुमारास नाका ओलांडला. मी पन्नासेक मीटर पुढे राहून मागे वळून वळून सांगत होतो, ‘ताई, थोडंच राहिलंय.’ हे साफ खोटं होतं. आठ किलोमीटरपेक्षा जास्त राहिलं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्या वळणावर सायकल जवळजवळ उभी राहिली, ताईंनी कसाबसा पाय टेकला, सायकल मागे घरंगळली आणि त्या पडता पडता वाचल्या. मग दोनशे मीटर सायकल ढकलत नेली. पुन्हा बसायला गेल्या तर पायडलवर दुसरा पाय जाईपर्यंत सायकल आडवी. असं तीनदा झालं. शेवटी सायकल हातात धरून त्या नाक्यापर्यंत चालत उतरल्या. वहीत त्या दिवशीची नोंद दोन ओळींची आहे : ‘छातीत भाता चालल्यासारखं झालं. पाय दगडाचे. चढ माझ्यासाठी नाही.’

मी निदान केलं, ताकद कमी पडते. औषधही सांगितलं, जास्त किलोमीटर करा. ताईंनी ते मनापासून केलं. तीन आठवडे रविवारी ६० किलोमीटर, मधल्या वारी शाळेआधी १५. डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा गेलो. तेच वळण, तोच पाय खाली. या वेळी शेजारून गडावर जाणारी एक गाडी हळू झाली आणि आतली पोरं ओरडली, ‘काकू, ढकला, ढकला!’ ताई रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसल्या आणि रडल्या. मी पाण्याची बाटली पुढे करून उभा राहिलो. काय बोलावं ते मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं ते पहिल्या वेळेसारखंच खोटं निघालं असतं.

इथे चढावर अंगात नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण हे माहीत नसलं की प्रत्येक जण स्वतःच्या मनालाच दोष देतो. सपाटीवर आपली बरीच ताकद वारा कापण्यात जाते, आणि पायडल थांबवलं तरी सायकल काही अंतर आपली आपण जाते. त्या काही सेकंदांत पाय मोकळे होतात, श्वास जागेवर येतो. अशी उसंत आपण दर मिनिटाला घेत असतो आणि ती घेतोय हे आपल्या लक्षातही येत नाही. खड्या चढावर ही सवलत बंद. दोन सेकंद पायडल थांबलं की सायकल थांबते. दुसरं म्हणजे वारा. सपाटीवर ताशी अठरा-वीसच्या वेगात अंगावर वारा येतो, घाम वाळतो, अंग गार राहतं. चढावर वेग ताशी सात. घाम हनुवटीवरून दांड्यावर टपकतो, कानशिलं तापतात, आणि हृदय स्नायूंना रक्त पुरवता पुरवता त्वचेलाही पुरवायला लागतं. त्यामुळे सपाटीवर तरबेज असलेला माणूस चढावर एकदम नवखा वाटतो, यात त्याच्या जिद्दीचा संबंध फार थोडा आहे.

डोळेही साथ देत नाहीत. वळण संपलं की पुढचा रस्ता भिंतीसारखा उभा दिसतो. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट यांनी १९९५ मध्ये सहकाऱ्यांबरोबर यावर प्रयोग प्रसिद्ध केले होते. पाच अंशांची टेकडी लोकांना साधारण वीस अंशांची वाटते, असं त्यांत दिसलं. पुढच्या प्रयोगांत दमलेल्या किंवा पाठीवर ओझं घेतलेल्या माणसांनी तीच टेकडी आणखी उभी सांगितली. या दुसऱ्या निष्कर्षावर नंतर बराच वाद झाला. प्रयोग करणाऱ्याला काय अपेक्षित आहे ते ओळखून लोक तसं उत्तर देतात, असा आक्षेप आला, आणि मला त्यात तथ्य वाटतं. पण चढ असतो त्याहून उभा दिसतो, हे खरंच. मी ताईंना तिसऱ्या वळणावर तळहात तिरका धरून चढ किती ते दाखवायला सांगितलं. त्यांनी तीस अंशांच्या आसपास हात धरला. मोबाइलमधला कोन मोजणारा ॲप रस्त्यावर ठेवला तर सहा अंश दिसले. गणिताच्या बाई असल्यामुळे त्या दचकल्या. वहीत त्यांनी टॅन्जंट काढून लिहिलं : सहा अंश म्हणजे साधारण साडेदहा टक्के.

हे मोजमाप तिसऱ्या प्रयत्नाच्या दिवशी झालं, जानेवारीत. त्या दिवशी मी ठरवून मागे राहिलो आणि एक शब्द बोललो नाही, फक्त पाहत होतो. सगळ्यात आधी हे करायला हवं होतं. नाक्यापासून तिसऱ्या वळणापर्यंत तीन गोष्टी दिसल्या.

मागून गाडीचा आवाज आला की ताईंचा वेग वाढायचा. गाडी पुढे गेली की पायडल पुन्हा संथ. एवढ्याशा अंतरात अकरा गाड्या गेल्या, म्हणजे अकरा वेळा त्यांनी अंगातली शिल्लक खर्ची टाकली.

त्यांचा डावा हात एकदाही गिअरकडे गेला नाही.

आणि तिसऱ्या वळणाच्या थोडं आधी, अजून दम शिल्लक असताना, त्यांनी खाली रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. पाय कुठे टेकता येईल हे त्या शोधत होत्या.

परत नाक्यावर येऊन आम्ही टपरीवर चहा घेतला. मी विचारलं, ‘ताई, चढावर नेमकं काय नको वाटतं?’ आधी म्हणाल्या दम. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘दम लागतो तो सोसवतो हो दादा. पण एकदा उतरले की परत बसता येत नाही. मग तसंच ढकलत जायचं, सगळे बघतात. म्हणून उतरायचं नाही असं ठरवते, आणि ते ठरवण्यातच सगळा जीव जातो.’

हे ऐकल्यावर मला माझ्या दोन महिन्यांच्या सल्ल्यांची लाज वाटली. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो आणि अडचण होती ती चढावर सायकल पुन्हा सुरू करण्याची. ज्याला थांबून पुन्हा निघता येतं त्याच्यासाठी नऊ किलोमीटर म्हणजे दहा-बारा लहान तुकडे असतात. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती एक अखंड शिक्षा असते, आणि ती संपेपर्यंत एकही चूक चालत नाही. मी आजवर ज्यांना ज्यांना ‘मला चढ आवडत नाही’ म्हणताना ऐकलं, त्यांतल्या किती जणांना खरं तर हेच म्हणायचं असेल, असा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

डाव्या हाताचं कोडं तिथेच उलगडलं. पुढच्या चकत्या डाव्या हाताच्या गिअरने बदलतात. ताईंची सायकल साधी हायब्रिड. पुढे तीन चकत्या, ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या. मागे सात चक्रांचं फ्रीव्हील, १४ पासून २८ दात्यांपर्यंत. विकत घेताना दुकानात त्यांना सांगितलं होतं की पुढचं गिअर मधल्यावरच ठेवा, उगाच चेन पडते. वर्षभर त्यांनी ते पाळलं. मी सायकल उलटी करून पाहिली तर डाव्या गिअरची केबल गंजून इतकी जड झाली होती की माझ्याही अंगठ्याने नीट दाबली जाईना. म्हणजे ज्या छोट्या चकतीच्या जोरावर ही सायकल चढावर चालते, ती चकती त्यांच्याजवळ पहिल्या दिवसापासून होती आणि एकदाही वापरली गेली नव्हती.

हिशेब ताईंनीच मांडला, मी फक्त सूत्र सांगितलं. मधली चकती ३८ ची आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र २८ चं, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.९५ मीटर पुढे जाते. ताई, सायकल, बाटली, पिशवी मिळून वजन ८२ किलो. आठ टक्के चढावर मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या तर जवळजवळ २०० वॉट लागतात. त्यांच्या वयाच्या, वर्षभरापूर्वी सायकल सुरू केलेल्या माणसाला हा जोर दहा मिनिटं टिकवणंसुद्धा अवघड, मग नऊ किलोमीटरची गोष्टच सोडा. जोर कमी करायचा तर फेऱ्या कमी करायच्या. त्या चाळीसवर आल्या की प्रत्येक दाबाला गुडघा कुरकुरतो आणि तोल सांभाळणं मुश्कील होतं. पुढे छोटी चकती घेतली तर एका फेरीत २.१७ मीटर. मिनिटाला पन्नास फेऱ्यांनी वेग ताशी साडेसहा आणि लागणारा जोर १२५ वॉटच्या आसपास. आम्ही पुढे फ्रीव्हीलही बदललं, १४ ते ३४ दात्यांचं बसवलं. तेव्हा एका फेरीत १.८ मीटर आणि त्याच पन्नास फेऱ्यांना १०० वॉटपेक्षा किंचित जास्त. चढ तोच, माणूस तोच, पायांवरचा भार निम्म्यावर आला. वहीत या आकड्यांखाली दोनदा रेघ ओढली आहे.

पण मोठं फ्रीव्हील बसवायला ताई लगेच तयार नव्हत्या. ‘म्हणजे मला सोपं करून देताय,’ म्हणाल्या. गटातल्या एका तरुण मुलाने त्याआधी कधीतरी हसत म्हटलं होतं की एवढ्या मोठ्या चक्राला आम्ही पेन्शनर गिअर म्हणतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते शब्द त्यांच्या मनात रुतून बसले होते.

हा रुतणारा काटा शंभर वर्षांहून जुना आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांचं १९०२ मधलं मत असं होतं की बदलते गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक. स्नायूंच्या बळावर जिंकणं यंत्राच्या करामतीने जिंकण्यापेक्षा थोर. त्यांच्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर, वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. १९१० मध्ये पिरेनीजचे उंच घाट पहिल्यांदा शर्यतीत आले तेव्हा ऑक्ताव लापीझ औबिस्कच्या चढावर सायकल ढकलत चालले होते आणि शर्यतीच्या माणसांना त्यांनी ‘खुनी’ म्हणून सुनावलं. त्या वर्षीची टूर त्यांनीच जिंकली. मी ताईंना एवढंच म्हणालो, की जिंकणारा माणूस ढकलत चालला होता. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो मान मोठा आहे आणि मला त्याचं अप्रूप वाटतं. पण रविवारी सकाळी गडावर निघालेल्या माणसाला राजा व्हायचं नसतं. त्याच्या सायकलला राजाच्या मापाचे गिअर कशाला?

चौथ्या प्रयत्नाआधी आम्ही पाच आठवडे घेतले. पहिली गोष्ट डॉक्टर. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चढावर छातीत दडपण आल्यासारखं वाटत असेल तर तो नुसता दम आहे की आणखी काही, हे घाटात ठरवायचं नसतं. ताईंनी रक्तदाब पाहून घेतला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्ट्रेस टेस्ट केली, सगळं ठीक निघालं. खरं तर हे नोव्हेंबरच्या आधी व्हायला हवं होतं. आता गटात कुणालाही गडावर नेण्याआधी आम्ही हे विचारतो.

दुसरी गोष्ट सीट. पडायच्या भीतीने त्यांनी ती इतकी खाली ठेवली होती की बसल्या जागी दोन्ही तळपाय जमिनीला लागत. त्याने गुडघा सतत दुमडलेला राहतो आणि मांडीला पुरा जोर लावता येत नाही. दोन टप्प्यांत मिळून चार सेंटिमीटर वर घेतली. प्रत्येक टप्प्यानंतर आठवडाभर त्या घाबरत होत्या, मग सवय झाली.

तिसरी, आणि माझ्या मते खरी गोष्ट, म्हणजे चढावर निघण्याचा सराव. ताईंच्या घराजवळ टेकडीकडे जाणारा एक शांत रस्ता आहे, वाहन जवळजवळ नाहीच. तिथे रोज संध्याकाळी वीस मिनिटं. गिअर आधीच सगळ्यात हलक्यावर. दोन्ही ब्रेक दाबून सायकल रस्त्याला थोडी तिरकी उभी करायची, म्हणजे चढ अंगावर कमी येतो. एक पायडल पुढे आणि थोडं वर आणायचं, घड्याळात दोन वाजतात त्या जागी. नजर जमिनीवर नाही, दहा हात पुढे. मग एकाच दमात पायडल दाबायचं, ब्रेक सोडायचे आणि अंग सीटवर घ्यायचं. पहिल्या दिवशी दहातले दोन जमले. सहाव्या दिवशी सात. वहीत रोजचा अपूर्णांक आहे, आणि दहाव्या दिवसापुढे तो लिहिणंच बंद झालंय. त्यानंतर कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. तो चढ लांब पण सौम्य आहे. तिथे ताईंनी मुद्दाम, गरज नसताना, आठ वेळा थांबून आठ वेळा सायकल सुरू केली. परतताना म्हणाल्या, ‘आज मी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं.’

दमाचं मोजमाप करायला बोर्ग यांची मोजपट्टी घेतली. गुन्नार बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी श्रम किती वाटतात ते ६ ते २० या आकड्यांत सांगायची रीत बसवली. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे याच्यापुढे अशक्य. आकड्याला दहाने गुणलं की हृदयाचे ठोके साधारण तेवढे येतात, असा तिचा अंदाज. ताईंनी मागे आठवून तिसऱ्या वळणाचा आकडा १९ सांगितला होता, आणि नाक्यानंतरच्या पहिल्याच वळणाला १७. म्हणजे तिसऱ्या वळणाचं भांडण पहिल्या वळणावरच लागलेलं होतं. सपाटीवरून आलेल्या वेगाच्या भरात त्या घाटात शिरत, आणि पहिल्या दहा मिनिटांतच अंग उसनवारीवर चालायला लागे. आम्ही ठरवलं : पहिले दोन किलोमीटर १३ च्या वर जायचं नाही. ओळखायची खूण अशी की बोलताना वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे. मी अधूनमधून विचारायचो आणि ताईंनी पाढा म्हणून दाखवायचा. सतराचा पाढा मधे तुटला की वेग कमी.

खाण्याचाही एक घोळ निघाला. चढावर मळमळेल या भीतीने त्या नुसत्या चहावर निघत. ८२ किलो वजन सहाशे मीटर वर न्यायला, शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली पाव-एक भागच चाकापर्यंत पोचते हे धरलं, तर पाचशेच्या आसपास किलोकॅलरी लागतात. शिवाय आधीचे पंचवीस किलोमीटर. मग निघताना एक केळं आणि पोळीचा लाडू, नाक्यावर राजगिऱ्याची वडी असं ठरलं. यावर जास्त लिहीत नाही, जेवून बघितलं की कळतं.

गटातल्या बाकीच्यांना या काळात मी एकच प्रश्न विचारत होतो, चढावर मनात काय चालतं. उत्तरं फार वेगवेगळी आली. एका इंजिनिअर मुलाला चढच आवडतो, कारण तिथे वेग कमी असल्याने गाड्यांची भीती वाटत नाही. एक मुलगी म्हणाली की वर पोचल्यावरचा आनंद वगैरे तिला जाणवतच नाही, तिला फक्त शेवटच्या वळणाआधीची पाच मिनिटं आवडतात, आता होणार हे कळतं तेव्हाची. आमचे सत्तरीला टेकलेले एक काका दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट पायी चढतात. सायकलवरही ते मनात ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणतात, अक्षरांच्या तालावर पायडल. ‘घाट चढायचा नसतो रे,’ ते म्हणाले, ‘चालत राहायचं, घाट मागे जातो.’ आणि दोघांनी स्पष्ट सांगितलं की त्यांना चढ आवडत नाही, आवडणारही नाही, ते खडकवासल्याच्या पाळीवर बसून पाणी बघतील. मला ते पूर्ण मान्य आहे. चढ न आवडणं हा काही आजार नाही. ताईंची गोष्ट वेगळी होती, कारण त्यांना तो करायचा होता.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ताईंच्या शाळेला सुट्टी होती. रविवार टाळायचा हे आम्ही मुद्दाम ठरवलं. नाका ओलांडला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मागे, बरोबर ते काका. पहिल्या वळणाला ताईंनी १२ सांगितलं. दुसऱ्या वळणापुढे त्या आपणहून थांबल्या, पाणी प्यायल्या, मिनिटभर दरीकडे बघितलं, सायकल तिरकी केली आणि निघाल्या. दम शिल्लक असताना थांबल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तिसरं वळण आलं. वेग ताशी पाच असेल, एवढ्या वेगात सायकल डुलते. काकांचा आवाज मागून ऐकू येत होता, आता मनातल्या मनात नाही, चांगला मोठ्याने, ‘ज्ञानोबा माउली’. ताई वळणाच्या बाहेरच्या अंगाने गेल्या, तिथे चढ आतल्या बाजूपेक्षा कमी असतो. हे त्यांना मी समोर वाहन नसल्याची खात्री करून मग सांगितलं होतं, कारण आंधळ्या वळणावर तो खेळ करायचा नाही. आणि वळण मागे गेलं. काही झालं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईंनीही मागे पाहिलं नाही.

त्यापुढे कोंढणपूर फाटा आला, मग शेवटचा खडा टप्पा. दूरदर्शनचा मनोरा एका वळणावर जवळ दिसतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा लांब जातो, तिथे त्यांचा आकडा १७ झाला. तिथे दोनदा थांबल्या, एकदा साठ-सत्तर पावलं सायकल ढकललीही. वाहनतळावर पोचायला नाक्यापासून एक तास बावन्न मिनिटं लागली, थांबे पाच. वर मडक्यातलं दही घेतलं तेव्हा त्यांचा हात इतका थरथरत होता की चमचा मडक्याच्या काठावर वाजत होता. पिठलं-भाकरी समोर आली, पण पहिली दहा मिनिटं त्यांना खाववेना. मी काही विचारलं नाही. काका देवटाक्याचं पाणी भरून घेऊन आले.

उतरण्याबद्दल लोक बोलत नाहीत, पण गडावर खरा धोका उतरताना असतो. चढावर पडलात तर ताशी पाचच्या वेगाने पडता. ताईंना आधीच शिकवलं होतं : वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही, ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत, कारण चाकाची रिम तापते, दोन्ही ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबायचे आणि सोडायचे, मधे एकदा थांबून बोटं मोकळी करायची. दोनदा थांबलो. नाक्यावर आल्यावर त्यांनी रिमला बोट लावून पाहिलं आणि पटकन मागे घेतलं.

आता माझ्या शंका. आम्ही एकाच वेळी सहा गोष्टी बदलल्या, त्यामुळे कशाने काम झालं हे छातीठोक सांगता येणार नाही. शिवाय बुधवारी गाड्या नव्हत्या, ही सातवी गोष्ट. नुसतं छोट्या चकतीवर टाकून दिलं असतं तरी जमलं असतं, असं आमच्या गटातल्या एका जाणत्याचं मत आहे. मला तसं वाटत नाही. गिअर हलका झाला तरी उतरायची भीती तशीच राहिली असती, आणि भीतीपोटी त्या वेगाने शिरल्याच असत्या. पण हे माझं मत झालं. दुसरी शंका अशी की पहिल्या दोन वेळा मी पुढे न जाता मागे राहिलो असतो, खोटं बोललो नसतो, तर हे सगळं डिसेंबरमध्येच कळलं असतं. याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.

ताई मार्चमध्ये पुन्हा गेल्या. या वेळी रविवारी, ऐन गर्दीत, आणि माझ्याशिवाय. त्यांच्या शाळेतली एक सहकारी बरोबर होती, तिचा पहिलाच गड. संध्याकाळी त्यांनी मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वेळ एक तास छत्तीस मिनिटं, थांबे सहा, पैकी चार सहकारीसाठी. त्याच्याखाली प्रत्येक वळणाचा आकडा. तिसऱ्या वळणासमोर लिहिलं होतं : ‘१५. मागून जीप आली. वेग वाढवला नाही.’